घरातली हालचाल वाटून घ्या

‘रोज अर्धा तास चालायला जा’ हा सल्ला खानदेशात वर्षातले निदान तीन महिने कागदावरच राहतो. मार्च सरतासरता सकाळी नऊलाच ऊन चटके देऊ लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही, आणि रात्री जेवणं आटोपली तरी डांबरी रस्ता तापलेलाच असतो. पहाटे मेहरूण तलावाकाठी माणसं फिरायला जातात, धुळ्यात पांझरेच्या काठानेही जातात. पण पहाटेची ती गार वेळ कुणाच्या वाट्याला येते? ज्याला डबा करायचा नाही, नळाला पाणी आलं तर भरून ठेवायचं नाही, पोरांना शाळेसाठी उठवायचं नाही, त्याच्या. बहुतेक घरांत तो पुरुष असतो.

म्हणून शरीर हलतं ठेवण्याचा प्रश्न आपल्याकडे घराच्या आतच सोडवावा लागणार. पण घरात हालचाल कमी झाली आहे, ती वाढवा, एवढंच सांगून भागत नाही. माझ्या मते खरी अडचण वाटणीची आहे. घरातली एक बाई दिवसभर वाकते, उठते, उभी राहते. बाकीच्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळतो. तिच्या कंबरेला विसावा नाही, त्यांच्या स्नायूंना काम नाही, आणि दवाखान्याची पायरी शेवटी दोघांनाही चढावी लागते. व्यायामासाठी वेगळा वेळ काढण्याआधी, गच्चीवर यंत्र आणून ठेवण्याआधी, आधी ही वाटणी बदलायला हवी.

घर कसं बदललं ते आधी पाहू. आपल्या आजीच्या काळातल्या धाब्याच्या घरात शरीराला सतत काहीतरी करावं लागे. जेवायला खाली बसायचं, झोपायला अंथरूण घालायचं, सकाळी ते गुंडाळायचं, उन्हाळ्यात बाज अंगणात नाही तर धाब्यावर न्यायची, पाणी विहिरीवरून आणायचं, दळण जात्यावर. आता मोटर लावली की टाकी भरते, पीठ चक्कीवरून येतं, जेवण टेबलावर होतं, संडासात बसावं लागत नाही, सामान फोनवर मागवता येतं. मळ्यातली मोटरसुद्धा मोबाईलच्या स्टार्टरने घरी बसून चालू होते. पूर्वी रात्री लाईट आली की शेतकरी अंधारात, विंचूकाट्यात बॅटरी घेऊन निघायचा. ते संकट टळलं याचा मला आनंदच आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘जातं परत आणा, पाटा-वरवंटा परत आणा, रोग पळून जातील’ असे संदेश हल्ली मोबाईलवर फिरत असतात. मला ते पटत नाहीत. जातं हे पहाटे उठून, झोप मोडून, कधी गरोदरपणातही ओढावं लागणारं कष्टाचं काम होतं. ज्या बायकांनी ते केलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गावात चक्की आली तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो रास्त होता. त्यातही, जातं परत आणा म्हणणारा सहसा ते स्वतः ओढायला बसणार नसतो. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं. वाईट एवढंच की कष्ट गेले, त्याबरोबर घरातल्या बाकीच्यांची होती नव्हती ती हालचालही गेली, आणि उरलेलं सगळं काम पुन्हा एकाच अंगावर राहिलं.

आता शरीराच्या बाजूने बघू. हालचाल आणि हृदय यांचा संबंध नीट दाखवून देणारा पहिला मोठा अभ्यास व्यायामशाळेत झाला नव्हता, तो झाला बसगाड्यांवर. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा, कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली जिने चढायचा. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की कंडक्टरांना ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. एकाच डेपोतली, एकाच थरातली माणसं. मुख्य फरक एवढाच की एक बसलेला आणि एक चढउतार करणारा. आपल्या घरांतही अशी जोडी असतेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जास्त जोराची, शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद लावायला लावावी, पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. त्यात एक फार मोलाचा बदल झाला. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. दोन मिनिटं जिना चढलात, तीही मोजली जातात. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ब्रिटनच्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. ही सगळी व्यायाम न करणारी माणसं होती, मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलेली. दिवसातून तीनेक वेळा, एक-दोन मिनिटं दम लागेल असं काही ज्यांच्याकडून ओघानेच घडत होतं (जिना भराभर चढणं, जड पिशव्या उचलून नेणं), त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसलं. ही नुसती निरीक्षणं आहेत; मुळात धडधाकट माणूसच जास्त जोर लावतो, हेही त्यात आलंच असणार. तरीही घरातल्या घरात केलेली हालचाल वाया जात नाही, एवढं यातून नक्की कळतं.

मधुमेहाच्या बाबतीत तर हे आणखी थेट आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पायांना काम दिलं तर जेवणानंतरची साखरेची उसळी खाली येते, ती याच कारणाने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला, आणि आणखी १३ कोटींहून अधिक माणसं उंबरठ्यावर उभी असल्याचं निघालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे, की आपली माणसं दिसायला सडपातळ असली तरी त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. ‘मी काही जाडा नाही, मला काय होणार’ हे म्हणणं आपल्यासाठी म्हणूनच फसवं आहे. शेवभाजीवरच्या लाल तर्रीला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण जेवून तिथेच लोडाला टेकणं हा दोष तर्रीचा नाही.

आता वाटणीचे आकडे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. हे पुरुष म्हणजे घरकामाला हात तरी लावणारे. २०१९ मध्ये असे पुरुष जेमतेम चारांत एक होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषाने लगेच आपलीही नऊ कमी करून घेतली.

पण याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला की माणूस गोंधळतो. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यात बायका जास्त आहेत: ५७ टक्के, तर पुरुष ४२. रोज पाच तास राबणारी बाई कमी हालचालीत कशी धरली जाते? ज्यांना हे घरात सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी मला उलटं विचारलं आहे. शेजारच्या एका वहिनी म्हणाल्या, “दिनभर पायवरच ऱ्हास ना मी, आखो कोनता व्यायाम करू?” (दिवसभर पायांवरच असते ना मी, आणखी कोणता व्यायाम करू?)

वहिनींचं म्हणणं खरं आहे आणि आकडाही खरा आहे. ओट्यापुढे उभं राहून पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, डबे भरणं, दूध तापेपर्यंत थांबणं यात पाय दुखतात, पण श्वास वाढत नाही. छाती भरून येईल असं त्यात काही नसतं, आणि मांड्यांच्या स्नायूंना ताकदही मिळत नाही. फरशी पुसणं, हाताने कपडे धुणं, कळशी घेऊन जिना चढणं यात मध्यम जोर लागतो. पण कंबर वाकवून केलेल्या या कामाला मधे थांबा नसतो. एकाच ठेवणीत तासन्‌तास राहिलेला सांधा कुरकुरतो, आणि पन्नाशीत गुडघे धरले की त्याच बाईला वर ऐकवलं जातं की तू व्यायाम करत नाहीस. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मजुरी आणि मोकळ्या वेळातली हालचाल यांत फरक केला आहे: मर्जीने, मधे विश्रांती घेत केलेल्या हालचालीचा जो फायदा मिळतो, तो दिवसभरच्या सक्तीच्या कष्टातून तसा मिळत नाही. चोपडा-धरणगावकडे कपाशी वेचणाऱ्या बाईला ‘रोज चाला’ सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला विसावा हवा, पोटभर जेवण हवं आणि घरी गेल्यावर कुणीतरी चूल पेटवलेली हवी.

म्हणजे एकाच घरात दोन वेगळे उपाय लागतात. पुरुषाला आणि मोठ्या मुलांना काम हवं. बाईला कामातून सूट हवी, आणि त्या सुटलेल्या वेळात स्वतःसाठी अशी हालचाल हवी, जी घरकामातून मिळत नाही. दोन्ही उपाय एकाच गोष्टीने साधतात: तिच्या हातातलं काम काढून त्यांच्या हातात देणं.

‘आमच्याकडच्या पुरुषांना नाही जमत’ हे मी मानायला तयार नाही, आणि याचा पुरावा खानदेशातच आहे. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते तेव्हा बघा. पुरुष आपले आपण कपाशीच्या काड्या, तुराट्या गोळा करतात, जाळ करतात, उकिडवे बसून वांगी उलटीपालटी करतात. गरम वांग्यांची सालं बोटं भाजत सोलतात. मग हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी बडगीत ती वांगी ठेचायची असतात. दोन-चार किलोंच्या भरताला हा ठेचा देणं म्हणजे खांदे, दंड, पाठ सगळ्यांचं काम. कपाळावर घाम येतो, माणसं आळीपाळीने बसतात, कुणी दमला की दुसरा पुढे होतो. शेवटी परात उचलून वाढतातही तेच, आणि बऱ्याच मळ्यांत भांडीही तिथेच मोटरीच्या पाण्यात घासली जातात. इतकं सगळं करणारा माणूस घरी आला की कणीक मळू शकत नाही, याला शरीराचं कारण नाही. मळ्यात ते काम मर्दानी ठरतं, घरात बायकी. ही समजूत सोडली तर रोजची वीस मिनिटांची हातांची मेहनत त्याला फुकट मिळेल. बाजरी-ज्वारीचं पीठ मळणं, दोन्ही वेळची भांडी, पलंग ओढून खालचा केर काढणं, गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणं, पिण्याचं पाणी भरणं: ही यादी प्रत्येक घर स्वतः करू शकेल. माझी सूचना एवढीच, की जेवणानंतरची कामं पुरुषांनी घ्यावीत. साखरेच्या हिशोबात तीच वेळ सगळ्यात कामाची. दुपारी-रात्री जेवून उठल्यावर ताटं उचलणं, ओटा पुसणं, भांडी घासणं यात ती पंधरा मिनिटं सहज जातात, आणि बाहेर ऊन कितीही असो, स्वयंपाकघरात ती मिळतात.

कुणी म्हणेल, आमच्याकडे कामाला मावशी आहेत, मग भांडी घासायची कुणी? मावशींना काढा असं मी मुळीच सुचवत नाही. त्या कामावर त्यांचं घर चालतं. पण शहरातल्या पुष्कळ कुटुंबांनी आपली सगळी वाकवाक चार घरी राबणाऱ्या एका बाईच्या कंबरेवर टाकली आहे, हे ध्यानात असू द्यावं. रविवारी तिला पगारी सुट्टी द्या आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून काम करा. तिला विसावा, तुम्हाला हालचाल.

बाईच्या वाट्याला आलेल्या वेळेचं काय करायचं, यावर मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण इथे तिला बहुधा कुणी सांगत नाही. तिला चालण्याइतकीच ताकदीची गरज आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, जमेल तेवढ्या वेळा. भिंतीला हात टेकून दंड काढायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर न्यायच्या. जिना दोनदा भराभर चढायचा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दार लावून, कुणाची हाक न ऐकता. हे घरकाम करता करता करू नये. ते वेगळं, तिचं स्वतःचं असावं. आपल्याकडे हे नवं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या झाडाला झोके बांधतात, उभ्याने झोका चढवतात, गाणी म्हणत फुगड्या घालतात. फुगडीत दोन मिनिटांत धाप लागते, घाम फुटतो, आणि चेहऱ्यावर हसू असतं. कानबाई देवीच्या उत्सवातही बायका रात्री नाचतात. बाईने स्वतःच्या आनंदासाठी शरीर घुसळून काढायची रीत या मातीत आहेच. वर्षातले दोन-चार दिवस सोडून बाकीच्या दिवसांनाही तिची जागा मिळावी, एवढंच म्हणणं. गल्लीतल्या चौघी जणी संध्याकाळी एकीच्या गच्चीवर जमल्या तरी खूप.

गच्चीवरून आठवलं: उन्हाळ्यात ती भट्टी होते, म्हणून कुणी वर जात नाही. केळीच्या, मिरचीच्या रोपवाटिकांवर जे हिरवं शेडनेट लावतात ते आपल्या गावोगावी मिळतं. गच्चीच्या एका कोपऱ्यावर ते ताणलं तर सकाळ-संध्याकाळचा थोडा जास्त वेळ वापरता येतो. पत्र्याच्या घरात मात्र भर उन्हाळ्यात दुपारी अंगाला ताण देऊच नये. तिथे पहाट किंवा उशिराची रात्रच बरी.

घर बांधतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. जमिनीवर बसण्याची जागा घरातून काढू नका. ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराउजो यांनी पन्नाशीपुढच्या दोन हजार माणसांना आधार न घेता जमिनीवर बसून उठायला सांगितलं. ज्यांना ते कठीण गेलं त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पाय, तोल, लवचिकपणा सगळंच त्यात तपासलं जातं. जी माणसं अजून पाटावर बसून जेवतात, त्यांचा हा सराव आपोआप होतो. गुडघे झिजले असतील त्यांनी हट्ट करू नये, खुर्ची घ्यावी; पण तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाने खुर्चीच हवी म्हणणं बरं नाही. दुसरी गोष्ट, म्हाताऱ्यांसाठी संडासात, जिन्यात, ओसरीत भिंतीला पक्की दांडी बसवा. आप्पांना ‘पडशील, बसून राहा’ म्हणून दिवसभर बाजेवर ठेवण्यापेक्षा ती दांडी धरून एका पायावर क्षणभर उभं राहायला शिकवणं बरं. बसून राहिल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पडायची भीती खरी ठरते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि छातीत दुखणाऱ्यांनी एकदम जोर वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

मुलांविषयी थोडक्यात. मुलगी आठवीत गेली की तिला स्वयंपाकघरात बोलावतात आणि मुलाला अभ्यासाला बसवतात. त्यामुळे मुलीचं खेळणं तुटतं आणि मुलाला कामाची सवय लागत नाही. दोघांना सारखं काम आणि दोघांना सारखं मैदान, हे शाळेने पालक-सभेत उघडपणे मांडायला काय हरकत आहे?

शेवटी सरकारने करायचं एक काम. तिशीवरच्या प्रत्येकाचं तपासणीचं पत्रक आशाताई घरोघरी जाऊन भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर यांच्याबरोबर त्यात एक प्रश्न आहे: आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? कमी असेल तर एक गुण वाढतो, आणि पत्रक पुढे जातं. दुपारी घरी असते ती बाईच. नवऱ्याचं उत्तरही तीच देते. या प्रश्नाला आणखी दोन जोडावेत: घरातली कोणती कामं कोण करतं, आणि बाईला दिवसात स्वतःसाठी किती वेळ मिळतो. उत्तरं पाहून आशाताईंनी सगळ्या घराला एकत्र बसवून बोलावं. त्यासाठी त्यांना संध्याकाळी, पुरुष घरी असताना यावं लागेल, आणि त्या जादा फेरीचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला पाहिजे.